सव्यसाची कारोय ताकाच

महाभारतात धनुर्धारी पुष्कळ आहेत. पण विद्येइतकीच ज्यांच्या हाताची गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली असे दोघेच. एकलव्याने गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा कापून दिला. पुढे तो उरलेल्या बोटांनी बाण सोडीत राहिला, परंतु पूर्वीची चपळाई गेली ती गेलीच. दुसरा अर्जुन. तो डाव्या हातानेही तितक्याच सफाईने बाण सोडी, म्हणून त्याला सव्यसाची हे नाव पडले. एकाच्या वाट्याला हाताचे दुर्दैव आले, दुसऱ्याच्या वाट्याला हाताचे वैभव. विसाव्या शतकात हंगेरीच्या सैन्यात एक साधा सार्जंट होऊन गेला. त्याच्या वाट्याला आधी एकलव्याचे दुर्दैव आले. आणि मग, कोणा देवाच्या वराने नव्हे तर स्वतःच्या कष्टाने, तो सव्यसाची झाला. त्याचे नाव कारोय ताकाच.

ताकाच या हंगेरियन शब्दाचा अर्थ विणकर. आपल्याकडे साळी किंवा कोष्टी ही जशी धंद्यावरून पडलेली नावे, तसेच हे आडनाव. हंगेरियन लोक आपल्या वर्गातील हजेरीपटाप्रमाणे आडनाव आधी आणि नाव मागाहून घेतात. तेव्हा मायदेशी तो ताकाच कारोय. २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्ट शहरी त्याचा जन्म झाला. त्या वेळी बुडापेस्ट ही एका मोठ्या साम्राज्याच्या दोन राजधान्यांपैकी एक होती. तो चार वर्षांचा असताना पहिले महायुद्ध पेटले आणि तो दहा वर्षांचा झाला त्या साली, म्हणजे १९२० मध्ये, त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख गेला. सैन्यावरही मर्यादा आली. पस्तीस हजारांहून अधिक फौज ठेवायची नाही, असे त्या तहात ठरले. अशा खच्ची झालेल्या देशाच्या सैन्यात ताकाच तरुणपणी भरती झाला आणि सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत चढला. आपल्याकडील हवालदाराच्या बरोबरीचा हा हुद्दा.

सैन्यात बंदूक सर्वांच्याच हाती येते. पण ताकाचचे मन रमले ते पिस्तुलात. रायफलला खांद्याचा आधार असतो, दुसऱ्या हाताचा आधार असतो, पालथे झोपून नेम धरता येतो. स्पर्धेतील पिस्तुलाला यांपैकी काहीही नाही. ताठ उभे राहायचे, एक हात समोर पसरायचा आणि त्या एका हाताच्या टोकाशी, डोळ्यांपासून हातभर अंतरावर, ते लोखंड स्थिर ठेवायचे. श्वासाने हात हलतो, नाडीच्या ठोक्याने हलतो, मनातल्या विचारानेही हलतो. म्हणूनच जाणकार पिस्तुलाला नेमबाजीतील सर्वांत अवघड हत्यार मानतात.

ताकाचने पुढे ज्या प्रकारात नाव कमावले, त्याला जलद गोळीबार म्हणजे रॅपिड फायर म्हणतात. पंचवीस मीटरवर पाच लक्ष्ये ओळीने उभी असतात. नेमबाज हात खाली धरून उभा राहतो. लक्ष्ये समोर वळली की हात उचलायचा आणि पाचही लक्ष्यांवर प्रत्येकी एक गोळी झाडायची. यासाठी आधी आठ सेकंद मिळतात, मग सहा, आणि शेवटी अवघे चार! चार सेकंदांत हात उचलणे, पाच वेळा नेम धरणे आणि पाच वेळा चाप ओढणे. एकूण साठ गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त दहा गुण, म्हणजे सर्व मिळून सहाशे.

येथे पिस्तुलाच्या बोअरचा प्रश्न येतो, आणि तो थोडा सविस्तर पाहण्याजोगा आहे. बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. रॅपिड फायरचे पिस्तूल .२२ इंचाचे, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटर बोअरचे असते. आपल्या महाविद्यालयांतील एन.सी.सी.चे छात्र ज्या ‘पॉइंट टू-टू’ रायफलने गोळीबार शिकतात, तिचेच हे भावंड. .२२ च्या काडतुसाचा इतिहास जुना आहे. १८५७ मध्ये अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कारखान्याने या बोअरचे लहान काडतूस आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी आणले आणि १८८७ मध्ये त्याची लांब आवृत्ती आली, ती आजतागायत जगभर वापरात आहे. तिची गोळी अवघी अडीच ग्रॅमच्या आसपास. सैनिकी नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी तिच्या तिप्पट जड.

नवशिक्याला पिस्तूल निवडायला सांगितले तर त्याचा हात बहुधा मोठ्या बोअरकडे जातो. मोठा आवाज, मोठी गोळी, मोठा रुबाब! सिनेमानेही आपल्याला हेच शिकवले आहे. पण शिकवणारे वस्ताद मात्र त्याच्या हाती लहान बोअर देतात, आणि त्याची कारणे पक्की आहेत. मोठ्या पिस्तुलाचा धक्का मनगटाला असा बसतो, की दोन-चार गोळ्यांतच शरीर त्याची धास्ती घेते. मग गोळी सुटायच्या आधीच मनगट आखडते, डोळे मिटतात, बोट चाप ओढण्याऐवजी हिसकते आणि गोळी भलतीकडे जाते. ही खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही. लहान बोअरचा धक्का इतका हलका, की चूक झाली तर ती धक्क्यावर ढकलता येत नाही. ती आपलीच असते आणि आपल्याला दिसते. शिवाय काडतूस स्वस्त, त्यामुळे शेकडो गोळ्या झाडून सराव करता येतो. अर्थात लहान बोअर म्हणजे खेळणे नव्हे. ती अडीच ग्रॅमची गोळीही माणसाचा जीव घेऊ शकते; तिच्यासाठी परवाना लागतो, शिस्तही तीच लागते. भरलेले असो वा रिकामे, पिस्तुलाचे तोंड लक्ष्याखेरीज कोठेही वळवायचे नाही, हा पहिला धडा दोन्हींना सारखाच.

सन १९३६ पर्यंत ताकाच हा जगातील उत्तम पिस्तूल नेमबाजांत गणला जाऊ लागला होता. त्या वर्षी बर्लिनला ऑलिंपिक भरणार होते. त्याची निवड होणार याविषयी शंका नसावी. परंतु ती झाली नाही. कारण नेमाचे नव्हते, हुद्द्याचे होते. हंगेरीच्या सैन्यातर्फे स्पर्धेत उतरण्याचा मान केवळ कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांना होता आणि ताकाच पडला सार्जंट! खांद्यावरच्या पट्ट्यांनी हाताच्या नेमावर मात केली. एकलव्याला राजपुत्रांच्या पंक्तीत जागा नव्हती, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. बर्लिन संपल्यावर ही बंदी उठली. पुढचे ऑलिंपिक १९४० मध्ये टोकियोला व्हायचे होते. ताकाच तेव्हा तीस वर्षांचा झाला असता, म्हणजे नेमबाजाच्या ऐन उमेदीचा. त्याने तयारी चालू ठेवली.

आणि १९३८ मध्ये घात झाला. सैनिकी सरावाच्या वेळी त्याच्या उजव्या हातात एक सदोष हातबॉम्ब फुटला. ज्या हाताने आजवर नाव मिळवले होते तो हात निकामी झाला. पिस्तूल पेलणे आता त्या हाताला शक्य नव्हते.

मित्रहो, अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. एक वाट सरळ आहे. तिच्यावर सहानुभूती आहे, पेन्शन आहे, जुन्या पराक्रमाच्या गप्पा आहेत. जगाने त्याला त्याबद्दल मुळीच दोष दिला नसता. ताकाच महिनाभर रुग्णालयात होता. बाहेर आल्यावर त्याने दुसरी वाट धरली. कोणाला न सांगता त्याने डाव्या हाताने पिस्तूल धरायला सुरुवात केली.

डाव्या हाताने धरायला म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर आपण उजव्या हाताची लेखणी डाव्या हातात घेऊन स्वतःची सही करून पाहावी. अक्षर ओळखता येत नाही! लहान मूल पाटीवर गिरवते तसे आपण गिरवू लागतो. ताकाचचे तसेच झाले असणार. नेमबाजीत प्रश्न फक्त बोटांचा नसतो. उभे राहण्याची ढब उलटते, शरीराचा तोल उलटतो, आणि ज्या डोळ्याने आयुष्यभर नेम धरला त्या डोळ्याचा नव्या हाताशी मेळ पुन्हा बसवावा लागतो. देशातल्या नामांकित नेमबाजाला पुन्हा अगदी पहिल्या दिवसाचा विद्यार्थी व्हावे लागले. ज्ञान सगळे डोक्यात आणि हात मात्र अडाणी! अशा अडाणी हाताला शिकवायचे तर हलक्या धक्क्याचे, आपली चूक आपल्याला दाखवणारे पिस्तूलच हवे. आणि त्याच्या आवडत्या प्रकाराचे हत्यार नेमके तेच होते, ही त्याच्या दुर्दैवातली एक बरी गोष्ट म्हणावी लागेल. नवशिक्याचे पिस्तूल आणि विश्वविजेत्याचे पिस्तूल दोन्ही .२२ चेच असावे, यात केवढा अर्थ भरला आहे!

सन १९३९ च्या वसंत ऋतूत हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा भरली. ताकाच तेथे हजर झाला. जुने सोबती त्याच्याभोवती जमले, त्याच्या हाताबद्दल त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि खेळ पाहण्यासाठी का होईना, पण तो आला याबद्दल त्याचे कौतुक केले. तेव्हा आपण पाहायला नव्हे तर स्पर्धेत उतरायला आलो आहोत, असे त्याने त्यांना सांगितले, अशी कथा आहे. कथेचा तपशील कसाही असो, निकाल मात्र नोंदलेला आहे. ती स्पर्धा त्याने डाव्या हाताने जिंकली. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत विजयी झालेल्या हंगेरीच्या पिस्तूल संघातही तो होता. अपघातानंतर जेमतेम वर्षभराने!

पण दैवाची थट्टा अजून संपली नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० चे ऑलिंपिक झाले नाही. १९४४ चेही झाले नाही. ज्या चार-दोन वर्षांत खेळाडूचे सोने व्हायचे ती वर्षे जगाने तोफांच्या गोळ्यांवर उधळली. १९४४ च्या अखेरीस बुडापेस्टला वेढा पडला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये तो संपला तेव्हा शहराचे भग्नावशेष उरले होते. डॅन्यूब नदीवरचे सारे पूल पाण्यात कोसळले होते. अशा शहरात कागदाच्या लक्ष्यावर नेम धरण्याची हौस कोणाला राहील? ताकाचला राहिली. एका हाताने गमावलेले दुसऱ्याने मिळवले होते. आता वेळेने हिरावलेले मिळवायचे होते.

अखेर १९४८ मध्ये लंडनला ऑलिंपिक भरले. ताकाच तेव्हा अडतीस वर्षांचा होता. नेमबाजीच्या स्पर्धा बिसली येथील मैदानावर झाल्या. सर्वांच्या नजरा अर्जेंटिनाच्या कार्लोस दियाझ साएन्झ वालियेंते याच्यावर होत्या, कारण १९४७ चा जगज्जेता तोच. स्पर्धेपूर्वी त्याने ताकाचला, तू लंडनला कशासाठी आलास, असे विचारले आणि शिकण्यासाठी आलो, असे उत्तर ताकाचने दिले, असे सांगतात. शिकणाऱ्याने सहाशेपैकी ५८० गुण मिळवले. तो नवा जागतिक विक्रम होता. जगज्जेत्याला ५७१ गुणांवर, रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. पारितोषिकाच्या वेळी त्या उमद्या खेळाडूने ताकाचला, तुझे शिकणे आता पुरेसे झाले, अशा अर्थाचे काही म्हटले, असेही त्या कथेत आहे.

त्याच लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचा एक तरुण मॅटवर उतरला होता आणि सहावा आला होता. त्याचे नाव खाशाबा जाधव. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीला दोघेही पुन्हा गेले. खाशाबांच्या प्रवासाला पैसे पुरेनात तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, ही हकिकत महाराष्ट्रातल्या प्रत्येक महाविद्यालयाने लक्षात ठेवावी अशी आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हंगेरीने, त्या लहानशा देशाने, हेलसिंकीत सोळा सुवर्णपदके जिंकून अमेरिका आणि सोव्हिएत रशियाच्या खालोखाल तिसरे स्थान मिळवले. त्या सोळांतले एक ताकाचचे होते. रॅपिड फायर प्रकारात दोन वेळा सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला नेमबाज ठरला.

या दुसऱ्या विजयाची एक बाजू पहिल्यापेक्षाही हृद्य आहे. ताकाचला ५७९ गुण मिळाले. त्याच्याहून एकच गुण कमी, म्हणजे ५७८, मिळवून रौप्यपदक घेणारा सिलार्द कुन हा अवघ्या सतरा वर्षांचा हंगेरियन मुलगा होता, आणि त्याला तयार केले होते ताकाचनेच! बेचाळीस वर्षांचा गुरू आणि सतरा वर्षांचा शिष्य एकाच ओट्यावर उभे राहिले. द्रोणाचार्यांनी आपल्या लाडक्या शिष्याला तोड राहू नये म्हणून एकलव्याचा अंगठा मागितला. येथे एका जायबंदी हाताच्या गुरूने आपल्याला हरवू शकेल असा शिष्य आपल्या हातांनी घडवला. दोघांमध्ये एका गुणाचे अंतर राहिले. तो गुण गेला असता तरी गुरूची हार झाली नसती.

सन १९५६ च्या शरद ऋतूत हंगेरीत उठाव झाला आणि तो रणगाड्यांखाली चिरडला गेला. त्यानंतर काही दिवसांतच मेलबर्नचे ऑलिंपिक होते. शेहेचाळीस वर्षांचा ताकाच तेथे आठवा आला. तिसरे सुवर्ण त्याच्या नशिबी नव्हते. तरीही त्याने पिस्तूल खाली ठेवले नाही. १९५८ मध्ये मॉस्कोला झालेल्या जागतिक स्पर्धेत तो कांस्यपदकाचा मानकरी झाला, तो मोठ्या बोअरच्या, सेंटर-फायर पिस्तुलाच्या प्रकारात. लहान बोअरवर घडलेला डावा हात अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मोठ्या बोअरचा धक्काही लीलया सोसू लागला होता. क्रम कसा असावा, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. हंगेरीच्या राष्ट्रीय स्पर्धांत त्याने एकूण ३५ अजिंक्यपदे मिळवली. ज्या सैन्याने हुद्दा नाही म्हणून त्याला एकदा बर्लिनला पाठवले नव्हते, त्याच सैन्यातून तो लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाला. ५ जानेवारी १९७६ रोजी, सहासष्टावे वर्ष पुरे होण्यास सोळा दिवस उरले असताना, बुडापेस्ट येथेच त्याचे निधन झाले.

ताकाचसारखे लोक अपवाद असतात, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याच्याच देशात, पाय कापावा लागूनही वॉटर पोलोत १९३२ आणि १९३६ ची सुवर्णपदके जिंकणारा ओलिव्हेर हालाशी त्याच्या आधी होऊन गेला होता. आणि आपल्या महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी १९६५ च्या युद्धात शरीरावर गोळ्या झेलल्या, त्यांचे पाय कायमचे अधू झाले, आणि १९७२ मध्ये त्यांनी हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. त्यांनी हत्यार बदलले, ताकाचने हात बदलला. मैदान मात्र दोघांनीही सोडले नाही.

ताकाचचा तो रॅपिड फायर प्रकार आपल्याला आता परका राहिलेला नाही. त्याच लंडनमध्ये, २०१२ साली, भारतीय सैन्याच्या विजयकुमारने याच प्रकारात रौप्यपदक मिळवले. आणि हुद्द्याने तो सुभेदार होता, कमिशन मिळालेला अधिकारी नव्हे! १९३६ च्या हंगेरियन नियमाने त्याला घरीच बसवले असते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत महिलांच्या पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तिच्याही हाती.२२ चेच पिस्तूल होते.

पिस्तूल हे हिंसेचे साधन आहे, त्याचे गोडवे महाविद्यालयाच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. ज्या शतकात ताकाच जगला त्या शतकाने पिस्तुलाचा उपयोग माणसे मारण्यासाठी भरपूर केला. त्याचा स्वतःचा हातही शस्त्रानेच हिरावला होता. तरी त्याने सूड म्हणून किंवा दरारा म्हणून पिस्तूल हाती घेतले नाही. सर्वांत लहान बोअरचे पिस्तूल घेऊन तो कागदाच्या वर्तुळासमोर उभा राहिला आणि त्याने आपला नेम रोखला तो स्वतःच्याच मनाच्या चंचलतेवर. चार सेकंदांत पाच वेळा मन शांत ठेवणे, ही एका अर्थी साधनाच म्हटली पाहिजे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती कधी पिस्तूल येणार नाही, येऊही नये. पण परीक्षेत आलेले अपयश, घरची ओढगस्त, अचानक तुटलेली एखादी वाट हे हातबॉम्ब कोणाच्याही हातात फुटू शकतात. अशा वेळी एकदम मोठे काही करून दाखवण्याच्या ईर्ष्येने मोठ्या बोअरकडे धावू नये. हाताला झेपेल असे लहान साधन घ्यावे, चूक दिसेल अशा उजेडात बसावे आणि पाटीवर गिरवणाऱ्या मुलासारखी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. लंडनच्या त्या मैदानावर दहा वर्षे डाव्या हाताने राबलेला माणूस शिकायला आलो असे म्हणाला, त्यात विनय होता तितकेच सत्यही होते. ज्याला शिकायची लाज वाटत नाही, त्याला दुसरा हात नेहमीच असतो.